वजीर, हत्ती आणि ग्राफिक कार्ड

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत भांडणाचे विषय ठरलेले आहेत: पार्किंग, टँकर आणि गच्चीची किल्ली. गेल्या महिन्यात त्यात चौथ्याची भर पडली. बुद्धिबळ कोणाचं यंत्र जास्त चांगलं खेळतं?

एका बाजूला तळमजल्यावरचे काका. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त, वय 72. यंत्र म्हणजे चार वर्षांपूर्वीचा फोन, काचेला कोपऱ्यात तडा. दुसऱ्या बाजूला माझा भाचा. त्याने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर स्वतः जोडलाय. आत आठ कोअर, माझ्या स्कूटरपेक्षा महाग ग्राफिक कार्ड, आणि डब्याला एका बाजूने काच, म्हणजे आतली जांभळी-हिरवी रोषणाई जगाला दिसावी. आमच्या गणेशोत्सव मंडळाने यंदा एवढे दिवे लावले नव्हते.

पंच म्हणून मला नेमलं, कारण मी दोघांशीही भांडलेली आहे.

सहा डाव, प्रत्येकाला दहा-दहा मिनिटं. प्रोग्राम दोघांचा एकच, स्टॉकफिश. नाव सुक्या माशाचं, पण फुकट मिळतो म्हणून काकांच्या शाकाहारी घरातही चालतो. डोकं तेच आणि धड वेगळं. म्हणजे फरक पडला तर तो धडाचा, यंत्राचा, असं साधं गणित होतं. खेळी इकडून तिकडे सांगायला तिसऱ्या मजल्यावरची दोन पोरं, मजुरी एकेक वडापाव. काकांचा फोन तापू नये म्हणून तो पंख्याखाली, बर्फाच्या ताटलीवर उपड्या घातलेल्या स्टीलच्या वाटीवर ठेवला होता. फोन तापला की आतली चिप आपणहून वेग कमी करते, हे काकांना माहीत होतं. भाच्याला वाटलं, काका नवस फेडतायत.

पहिला डाव बरोबरी. दुसरा बरोबरी. सात प्रेक्षकांपैकी दोन उरले, त्यातला एक वॉचमन.

भाचा मात्र रंगात आला होता. स्क्रीनवर यंत्र सेकंदाला किती स्थिती तपासतं याचा आकडा दिसतो. त्याचा एक कोटीच्या आसपास, काकांच्या फोनचा दहा लाखांच्या घरात. शेअर बाजार चढताना माणसं जशी वाचून दाखवतात तसा तो वाचून दाखवत होता.

"काका, मी तुमच्या दहापट बघतोय."

"बघ की. बघायला पैसे पडत नाहीत."

"पडलेत, काका," मी म्हटलं. "बिल मी पाहिलंय."

तेवढ्यात काकांनी काचेतून आत बोट दाखवून विचारलं, "हे तीन पंखेवालं कार्ड कुठल्या खेळ्या शोधतंय?" भाचा गप्प. कारण स्टॉकफिश ग्राफिक कार्ड वापरतच नाही. सगळा विचार साध्या प्रोसेसरवर होतो. स्कूटरहून महाग ते कार्ड तीन डाव होईपर्यंत फक्त पटाची चौसष्ट घरं रंगवत बसलं होतं.

आता मुद्द्याचं. वेग दुप्पट केला तर ताकद किती वाढते? दुप्पट नक्कीच नाही. पूर्वी अंदाज असा धरत की वेग दुप्पट झाला की रेटिंगमध्ये पन्नास ते सत्तर गुण मिळतात. सत्तर गुणांचा फरक म्हणजे शंभर डावांतून साठ गुण एकाला, चाळीस दुसऱ्याला. हा हिशोब अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडला, म्हणून रेटिंगला एलो म्हणतात. युनिक्स बनवणारा केन थॉम्पसन याने बेल लॅबमध्ये 'बेल' नावाचं बुद्धिबळाचं यंत्रही बनवलं होतं. 1983 मध्ये 'मास्टर' किताब मिळवणारं ते पहिलं यंत्र. ते त्याने कमी-जास्त खोलीवर स्वतःशीच खेळवून पाहिलं. एक पायरी खोल गेलं की जवळपास दोनशे गुणांची उडी. पण खाली खाली जाल तशी उडी लहान होत जाते. पहिला लाडू आणि अकरावा लाडू यांची चव एकच असते, माणूस एकच नसतो.

ही 'खोली' म्हणजे काय, ते मला काकांनी समजावलं, आणि इतकं स्वच्छ मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

"कल्याण जंक्शन धरा, ताई," ते म्हणाले. "तिथून गाडी एक तर कसाऱ्याला जाणार, नाही तर कर्जतला. कर्जतच्या पुढे परत खोपोली की घाट. प्रत्येक सांध्याला फाटे. बुद्धिबळात प्रत्येक सांध्याला दोन नाही, तीस-पस्तीस फाटे. चार सांधे पुढे गेलात की दहा लाखांच्या वर रुळ झाले."

"मग वेगवान गाडी पाहिजेच ना?" भाचा.

"तुला टिटवाळ्याला जायचंय. तू विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळी पाहून येणार? फास्ट गाडीने पाहिलीस तरी वेळ फुकटच. शहाणा माणूस कल्याणलाच कर्जतचा फाटा सोडून देतो."

यालाच जगभर अल्फा-बीटा म्हणतात. एका फाट्याचं पहिलंच उत्तर इतकं वाईट निघालं की बाकीची उत्तरं तपासायचीच नाहीत. खेळ्यांचा क्रम नीट लावला तर तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट खोल जाता येतं. यंत्र बदलून दुप्पट खोल जायचं म्हटलं तर वेग दुप्पट करून भागत नाही. जितक्या स्थिती आत्ता पाहता त्या संख्येला तिनेच गुणावं लागेल. तेवढी स्कूटर माझ्याकडे नाही.

ठाण्याला खरं तर हार्डवेअरचा हा धडा 16 एप्रिल 1853 पासून पाठ असायला हवा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती चौदा डबे, चारशे पाहुणे आणि पुढे तीन इंजिनं घेऊन. साहिब, सिंध आणि सुलतान. समांतर प्रक्रिया म्हणतात ती हीच. चौतीस किलोमीटरला सव्वा तास लागला म्हणतात. आजची स्लो लोकल तेच अंतर तासाभरात कापते. मधल्या पावणेदोनशे वर्षांत वाफ गेली, वीज आली, सुलतान गेला, आणि वाचली पंधरा-वीस मिनिटं. कारण मधली स्टेशनं वाढली. गाडी वेगवान झाली की आपण तिला थांबायला आणखी जागा शोधतो.

कोअरचंही असंच. बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची केली तर कागदावर सव्वापट माणसं जातात, पण उतरायचा जिना तोच असतो. आठ कोअर म्हणजे आठपट विचार नव्हे. अर्धे कोअर दुसऱ्याने आधीच पाहिलेला फाटा पुन्हा पाहून येतात आणि एकमेकांना सांगायलाही विसरतात. आमच्या कार्यकारिणीत नऊ सभासद आहेत. मला हे फार समजावून सांगावं लागलं नाही.

मोठं यंत्र म्हणताच सगळ्यांना डीप ब्लू आठवतो. मे 1997, न्यूयॉर्क, जगज्जेता कास्पारोव्ह त्याच्याकडून हरला, साडेतीन विरुद्ध अडीच. (अडीच! घोड्याने निदान तेवढी घरं गाठली.) दोन उंच काळी कपाटं, वजन सव्वा टनाच्या वर, आत बुद्धिबळासाठी खास घडवलेल्या 480 चिप, सेकंदाला वीस कोटी स्थिती. आता पुढचं पान. 2009, ब्यूनस आयर्स. 'पॉकेट फ्रिट्झ 4' नावाचा प्रोग्राम खिशात मावणाऱ्या एचटीसीच्या फोनवर बसून माणसांच्या स्पर्धेत उतरला. दहापैकी साडेनऊ गुण, कामगिरीचं रेटिंग 2898. तो सेकंदाला वीस हजार स्थितीसुद्धा पाहत नव्हता. डीप ब्लूच्या दहा हजारांश वेग. बारा वर्षांत कपाट खिशात आलं हे सगळे कौतुकाने सांगतात. खिसा कपाटाच्या दहा हजारपट हळू होता, हे कोणी सांगत नाही. सांगितलं तर नवा फोन कोण घेईल?

याच्या आधीचा एक किस्सा मला जास्त आवडतो, कारण त्याची एक बाजू पुण्याची आहे. 1991 मध्ये सी-डॅकने पुण्यात 'परम 8000' उभा केला, ट्रान्सप्युटर नावाच्या चिप एकमेकींना जोडून. देशभर कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. त्याच जातीच्या शेकडो ट्रान्सप्युटरची फौज घेऊन जर्मनीतला एक बुद्धिबळ प्रोग्राम 1992 मध्ये माद्रिदला यंत्रांच्या जागतिक स्पर्धेत उतरला. जिंकलं कोण? हॉलंडच्या एड श्रॉडर याचा प्रोग्राम, साध्या पीसीत खोचायच्या एका कार्डावर, एका एआरएम चिपवर. काकांच्या फोनमध्ये तडा गेलेल्या काचेखाली जी चिप आहे, ती त्याच घराण्याची पणती. हे सांगितल्यावर काकांनी फोन वाटीवर जरा सरळ ठेवला.

तीन वर्षांनी हाँगकाँगलाही तेच. डीप ब्लूचं पूर्वरूप 90 मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर चालणाऱ्या फ्रिट्झकडून हरलं, आणि स्पर्धा फ्रिट्झने जिंकली. पेंटियम 90 म्हणजे त्या काळी ठाण्यातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चप्पल बाहेर काढून ज्याच्यासमोर बसायचे ते यंत्र.

आणि सगळ्यात मोठा चिमटा 2020 चा. त्या वर्षीच्या स्टॉकफिश 12 मध्ये एक छोटं न्यूरल जाळं बसवलं, मुळात जपानी शोगीसाठी यू नासू याने शोधलेलं. त्याने प्रोग्राम बऱ्यापैकी हळू झाला. त्याच यंत्रावर सेकंदाला कमी स्थिती दिसू लागल्या. आणि ताकद शंभरेक गुणांनी वाढली. कमी पाहिलं, नीट पाहिलं. त्याच वर्षी एका जर्मन अभ्यासकाने उलटं गणित मांडलं: आजचा प्रोग्राम मागे नेऊन 1994 च्या 486 कॉम्प्युटरवर बसवला असता तर कास्पारोव्हला तेव्हाच घरगुती टेबलावर तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळाला असता. म्हणजे यंत्र तयार होतं. खोळंबा डोक्याचा होता. 1994 च्या बाबतीत तरी असं म्हणायला माझी हरकत नाही.

भाच्याला यातलं काही पटलं नाही. त्याने चौथ्या डावाला प्रोग्रामच बदलला. लीला चेस झिरो घातला, जो ग्राफिक कार्डावर चालतो. तीन पंखे एकदम गरगरले, दिवे लाल झाले, वॉचमन दोन पावलं मागे सरकला.

आणि वीज गेली.

फोनला बॅटरी असते. डब्याला नव्हती. यूपीएस घ्यायचे पैसे दिव्यांच्या पट्टीत गेले होते. काळोखात काकांच्या फोनचा पट तेवढा उजळ राहिला आणि कडेला भाच्याचं घड्याळ उतरत होतं.

"वेळ थांबवा, मावशी! वीज गेलीय, हा हार्डवेअरचा दोष नाही."

"वीज हार्डवेअरमध्ये धरत नाहीस?" काका म्हणाले. "मग काय धरतोस, ती दिव्यांची माळ?"

मी निकाल राखून ठेवला. न्यायालयं ठेवतात तसा.

पण पोराचा प्रश्न फालतू नव्हता. तुलना करताना काय धरायचं आणि काय नाही, यावर भल्याभल्यांची जुंपलेली आहे. डिसेंबर 2017 मध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझिरो या प्रोग्रामने स्टॉकफिशशी शंभर डाव खेळले. 28 जिंकले, 72 बरोबरीत, हार शून्य. जगभर टाळ्या. मग लोकांनी बारीक अक्षरं वाचली. अल्फाझिरो गूगलच्या चार खास चिपवर, सेकंदाला ऐंशी हजार स्थिती. स्टॉकफिश साध्या प्रोसेसरच्या 64 धाग्यांवर, सात कोटी स्थिती, पण त्याला स्मरणासाठी दिलेली जागा फक्त एक जीबी. वर प्रत्येक खेळीला ठोक एक मिनिट, म्हणजे अवघड जागी जास्त वेळ घ्यायची त्याची सवयच मोडलेली. एकाच्या पायात बूट, दुसऱ्याच्या पायात दुसऱ्या कोणाचे तरी बूट. पुढच्या वर्षी अटी सुधारून हजार डाव झाले. अल्फाझिरोच जिंकला, 155 विजय, सहा पराभव. चांगला होताच. पण 'किती चांगला' याचं उत्तर 'कशावर' हे सांगितल्याशिवाय देता येत नाही. त्या खास चिपची तुलना साध्या प्रोसेसरशी कशात करायची? किमतीत? विजेच्या युनिटात? वजनात? डीप ब्लूला वजनात आजवर कोणी हरवलेलं नाही.

या बाबतीत मला स्वीडनच्या हौशी मंडळींबद्दल आदर वाटतो. एसएसडीएफ या त्यांच्या संघटनेने 1980 च्या दशकापासून यंत्रांची क्रमवारी ठेवली आणि प्रत्येक नावापुढे हार्डवेअर लिहिलं. तेव्हा बुद्धिबळाची यंत्रं पटासकट विकत मिळत. ही मंडळी दोन पट समोरासमोर ठेवून, एकावरची खेळी हाताने दुसऱ्यावर लावत, रात्र रात्र हमाली करत. वडापावसुद्धा नाही. म्युनिकची कंपनी मेफिस्टो नावाची यंत्रं काढायची आणि ज्या गावात जागतिक स्पर्धा जिंकली त्याचं नाव नव्या यंत्राला द्यायची: अ‍ॅमस्टरडॅम, डल्लास, रोमा, आल्मेरिया, लिऑन, व्हँकुव्हर. एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या, सोळा बिटची आणि बत्तीस बिटची. दुसरी बरीच महाग. यादीत पाहिलं तर दोघींतलं अंतर बेताचं, किमतीतलं घसघशीत. डोंबिवलीत जागतिक स्पर्धा झाली असती तर 'मेफिस्टो डोंबिवली' निघालं असतं. पूर्व आणि पश्चिम अशा दोन आवृत्त्यांत, मध्ये फाटक.

आणि आमचे सहा डाव! त्यातले तीनच झाले होते. शंभर डाव खेळले तरी चाळीस-पन्नास गुणांचा संशय उरतो. सहा डावांत दोनशे गुणांची चूक पदरात घेऊनही कोणी हसणार नाही. स्टॉकफिशवाले एखाददुसऱ्या गुणाची सुधारणा तपासायला हजारो डाव खेळवतात, तेही जगभरच्या स्वयंसेवकांच्या उसन्या कॉम्प्युटरवर. शिवाय सुरुवातीच्या मांडणीतून खेळवलं तर अशी दोन यंत्रं बरोबरीच करत राहतात. म्हणून मोठ्या स्पर्धांत आयोजक मुद्दाम डाव थोडा बिघडवून देतात, एका बाजूला आधीच अडचणीत टाकून, आणि मग बाजू बदलून पुन्हा तोच डाव. लग्न ठरवताना हीच पद्धत असती तर निम्मी भांडणं वाचली असती, असं माझं जुनं मत आहे. ते इथे सांगायचं कारण नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाबांना मात्र हे सगळं मान्य नाही. आमच्या दोन हमालांपैकी मोठा त्यांचा. वय अकरा, बुद्धिबळाचा क्लास, रेटिंग तेव्हा 1100. बाबांनी जानेवारी 2024 मध्ये त्याला एक लाखाचा लॅपटॉप घेतला, 'अ‍ॅनालिसिससाठी'. मार्चमध्ये रेटिंग 1460 झालं. बाबांनी पेढे वाटले, मलाही मिळाले, लॅपटॉपचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. झालं होतं इतकंच, की फिडे या जागतिक संघटनेने 1 मार्च 2024 पासून रेटिंगचा तळ 1000 वरून 1400 वर नेला आणि 2000 च्या खाली असलेल्या सगळ्यांना एका सूत्राने गुण वाढवून दिले. दोन हजारांतून तुमचं रेटिंग वजा करा, उरेल त्याच्या चाळीस टक्के मिळवा. 1100 चे 1460. त्या महिन्यात वसईपासून व्हेनेझुएलापर्यंतचे 1100 वाले सगळे 1460 झाले. ताकद वाढवायला यंत्र लागतं हे खरं, पण परिपत्रकाचा वेग कुठल्याच चिपला नाही. हे मी पेढा खाऊन झाल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी डबा मिटला.

लोकलमध्ये तर काय, सगळेच 3500 रेटिंगचे झालेत. डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला विश्वविजेतेपदाच्या सामन्यात, चौदाव्या डावात, डिंगने हत्ती एफ-2 वर आणला आणि कोणाचं पारडं जड ते दाखवणारा फोनवरचा पट्टा एकदम काळ्याकडे झुकला. कल्याण लोकलमध्ये दारात लटकलेला एक गृहस्थ ओरडला, "गाढवपणा केला!" त्या क्षणी काळ्याकडून खेळणारा गुकेशसुद्धा पाण्याचा घोट घेऊन पुन्हा एकदा पटाकडे बघत होता. विश्वविजेतेपदाच्या डावातल्या माणसाला गाढव म्हणणाऱ्याचं स्वतःचं योगदान होतं बारा टक्के बॅटरी. जुलै 2025 मध्ये बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हाही डब्यात हेच. "इथे जिंकत होती, सोडलं तिने!" काय सोडलं हे विचारलं तर पट्टा दाखवतात. उंटावरून शेळ्या हाकणं मराठीत जुनंच आहे. आता उंट सहा इंचांचा झाला आणि शेळ्या ग्रँडमास्टर.

वीज दीड तासाने आली. सामना बरोबरीत सोडवला. दोघांनीही मला अन्यायी म्हटलं, त्यामुळे निकाल योग्य असावा.

परवाच्या रविवारी मोठ्या हमालाची स्पर्धा होती, इथल्याच एका शाळेच्या सभागृहात. काका आणि मी गेलो, बाबा आधीच पहिल्या रांगेत. दारात एक स्वयंसेवक मुलगी, समोर दुधाच्या पिशव्यांचा निळा क्रेट. आत जायचं तर फोन तिथे ठेवायचा. चिठ्ठीवर नंबर, चिठ्ठीला रबरबँड, रबरबँड फोनला. क्रेटमध्ये साठ-सत्तर फोन उभे, पुस्तकांसारखे, कुणाचा थरथरतोय, कुणाच्या स्क्रीनवर 'आई' उजळून विझतंय. त्यातला कुठलाही, अगदी तळाशी दबलेला सगळ्यात स्वस्तही, कार्लसनला हरवेल. आणि आत टेबलांवर साठ-सत्तर पोरं, जीभ दातात धरून, वजीर वाचवायच्या खटपटीत.

आमचा हमाल पाचव्या फेरीत किल्लेकोट करायला विसरला आणि हरला. सहाव्यात जिंकला. बाबांनी दोन्हींचं कारण लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शोधलं. पोराने कारण सांगितलं की शेजारच्या टेबलावर कोणाचं तरी नाक गळत होतं.

निघताना क्रेटपाशी झुंबड. काकांची चिठ्ठी रबरबँडमधून निसटली होती. एकसारखे काळे फोन, एकसारखी कव्हरं.

"कोणता तुमचा, काका?" मुलीने विचारलं.

"आठ कोअरला बरोबरीत रोखलं तो."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मागून तीन जण हात पुढे करत होते.

"काका, कव्हरचा रंग सांगा."